सातचा फोन

आपला समुद्र पडद्यावर आला, सुरूची चार झाडं दिसली आणि संपलं. श्रीवर्धनच्या त्या हॉलमध्ये निम्मं गाव तेवढ्यासाठीच तिकीट काढून बसलं होतं. गेल्या साली शूटिंगवाले आठ दिवस किनाऱ्यावर तळ ठोकून होते, मनुबाईच्या हातचं मासळीचं जेवण जेवून बोटं चाटत गेले होते. त्याची ही परतफेड!

उरलेला सिनेमा म्हणजे नुसते लाल-निळे दिवे. एका शास्त्रज्ञाचा भाऊ अपघातात मरतो. हा पठ्ठ्या भावाचं मन कॉम्प्युटरमध्ये उतरवतो. त्यांच्या म्हाताऱ्या आईला धक्का बसू नये म्हणून तो कॉम्प्युटर रोज तिला फोन लावतो आणि मेलेल्या लेकाच्या आवाजात गोड गोड बोलतो. पोरांनी शिट्ट्या मारून हॉल डोक्यावर घेतला. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"मानसाचं मन म्हंजे काय फणसाचा गरा हाय, काढला नि डब्यात भरला?" मनुबाई उठत म्हणाली. "चल गं येसू, एसटी चुकंल."

येसूबाई उठली नाही. "म्हातारीला कळतं का, तेवढं बगू दे."

म्हातारीला कळलंच नाही. लिहिणाऱ्यालाच शेवट सुचला नसावा. एक मोठा स्फोट झाला आणि हॉलमधले दिवे लागले.

येसूबाईचा एकुलता एक स्वप्निल वाशीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता. पूर्वी तिनं फोन केला की, "आई, कामात आहे, पटकन बोल," म्हणायचा. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर खेकसायचा. तिला वाईट वाटायचं, पण बोलायची नाही.

माघात तो मोटरसायकलवरून पडला. "थोडंसं खरचटलंय, तुम्ही धावपळ करू नका," असं सून नूतन म्हणाली. आणि तेव्हापासून चमत्कारच झाला. रोज संध्याकाळी सातला स्वप्निलचा फोन. गुडघा कसा आहे, छातीची गोळी घेतली का, पोफळींना पाणी कोण देतं. दिवसा लावला तर उचलायचा नाही, पण सातचा फोन चुकायचा नाही. पडल्यावर पोराला आईची किंमत कळली, असं ती गावभर सांगत सुटली होती.

गणपतीला मात्र तो आला नाही. कोकणातला माणूस, आणि गणपतीला नाही! नूतन एकटीच आली. डोळे सुजलेले, स्वप्निलचं नाव काढलं की उठून आत जायची. दीड दिवसाचा गणपती पाण्यात गेला तशी तीही परत गेली.

एसटीत खिडकीशी बसून येसूबाईनं हे सगळं एकापुढे एक ठेवून पाहिलं आणि सिनेमातली ती म्हातारी म्हणजे आपणच की काय, असं तिला वाटलं.

घरी पोचते तोवर सात वाजलेच.

"आई, गुडघा कसा आहे?"

"बरा हाय. सकाळी पोफळ पडली रं गोठ्यावर. कौलं फुटली."

"अरे देवा! तुला लागलं नाही ना?"

तिनं इकडचं तिकडचं काढलं आणि पुन्हा म्हणाली, "सकाळी पोफळ पडली गोठ्यावर."

"हो ना, जप हं आई. एकटी जाऊ नकोस तिकडे."

ती तिसऱ्यांदा म्हणाली, "पोफळ पडली, बाबा."

"सांग ना, मी ऐकतोय."

येसूबाईनं फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबला. जिवंत स्वप्निलनं दुसऱ्यांदाच फोन आपटला असता. त्याचं ते खेकसणं आठवून ती ढसाढसा रडली.

नूतनला विचारायचा धीर तिला झाला नाही. सासूच्या दुखऱ्या काळजापायी त्या पोरीनं आठ महिने कपाळावर कुंकू ठेवून हे ओझं एकटीनं वाहिलं होतं. तिला आणखी काय कोंडीत पकडायचं? पण लेकाला असं वाऱ्यावर तरी कसं सोडायचं? त्याचं कुणी काही केलं होतं की नाही, देव जाणे.

अवसेला ती कुणालाही न सांगता हरिहरेश्वराला गेली.

"कुणाचं करायचं?" गुरुजींनी विचारलं.

"लेकाचं."

"तिथी?"

"ठावं न्हाय. मला कुनी सांगितलंच न्हाय."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि पिंडाची तयारी सुरू केली.

पिंड ठेवला. खडकावर चार कावळे बसले होते, पण एकही शिवेना. ऊन डोक्यावर आलं.

"काहीतरी इच्छा राहिली असणार," गुरुजी म्हणाले. "बोला त्याच्याशी."

येसूबाईनं हात जोडले. "बाबा, नूतनला मी अंतर देनार न्हाय. घर नि पोफळी तिच्या नावावर करते." कावळे जागचे हलले नाहीत. "मी तुला घडी घडी फोन करून तरास दिला. माझं चुकलं. आता न्हाय देनार."

तरीही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. आपल्या लेकाचा आपल्यावरचा राग मेल्यावरही गेला नाही, हे मनात घोळवत ती घरी आली. सात वाजायच्या आत तिनं नूतनला फोन लावला.

"नूतन, पोरी, आता लपवू नको. सातला बोलतो तो माझा स्वप्निल न्हाय, मशीन हाय. मला समदं कळलंय. आज मी त्याचं करून आले, हरिहरेश्वराला."

पलीकडून एक हुंदका आला.

"रडू नको. हितं ये, आपन दोघी मिळून रडू."

"आई..." तिनं फोन बाजूला धरला असावा. "अहो, ऐकलंत का? मी भांडत होते तेच झालं, आईंना कळलं त्या मशीनचं."

टीव्हीचा आवाज बंद झाला आणि आठ महिन्यांत न ऐकलेलं खेकसणं येसूबाईच्या कानावर पडलं.

"घ्या! म्हणजे आता रोज मलाच बोलत बसावं लागणार?"