आठ दिसांनी आना

“अजून न्हाई कळत,” म्हणत बनुबाईने पिल्लू सूर्यभानतात्यांच्या हातात परत दिलं. “आठ दिसांनी आना.”

हे खोटं होतं. पिल्लाचे जाड पाय आणि तुऱ्याची रेघ बघून तो कोंबडा आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सोनईच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका पाटीत पिल्लं घालून तिच्याकडे यायच्या. पुढे अंडी देणारी तलंग कुठली आणि कोंबडा कुठला, हे ती चहा गाळता गाळता सांगायची. वीस वर्षांत तिचा शब्द चुकला नव्हता.

पण तात्या दिवाळीनंतर पहिल्यांदा आले, ओट्यावर टेकले, आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात टीव्ही बोलायचा आणि ही ऐकायची. तात्याही तिच्यासारखेच एकटे. जन्मभर पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत राबले, आणि बायको गेल्यावर मुलगा-सुनेजवळ गावी राहायला आले. विधवेच्या ओट्यावर पुरुषमाणसाने बसायचं तर त्याच्या हाताला काहीतरी काम लागतं. नाहीतर गावाच्या तोंडाला काम मिळतं. तात्यांच्या हातात पिल्लू होतं, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

मग दर सोमवारी ते येऊ लागले. पिल्लू त्यांच्या मुठीत कधी चिवचिवत नसे, निवांत असे. ऊस, गुडघे, गेलेली माणसं, असं काहीबाही बोलणं व्हायचं. निघताना तात्या विचारायचे, “मग? काय वाटतंय?”

“अजून आठ दिस जाऊ द्या.”

पौष सरला. पिल्लाचा तुरा लालभडक झाला, शेपटीची पिसं वाकली. शेजारची राजेश्वरी म्हणाली, “काकू, अवो शेंबडं पोर सांगंल. कोंबडा हाय त्यो.”

“तलंगीलाबी येतो एखांद्या टायमाला तुरा,” बनुबाई म्हणाली.

बनुबाईची नजर गेली, असं गावभर झालं. बायका पिल्लं घेऊन यायच्या थांबल्या. आयुष्यात कमावलेलं एवढं एकच नाव, तेही गेलं. तिला ते लागलं. पण सोमवार आला की ती चहात आलं जरा जास्तच ठेचायची.

होळीच्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. नळावर बायकांची गर्दी असताना तिच्या अंगणात तात्यांच्या पिल्लाने मान ताणली आणि खणखणीत बांग दिली. बायका हसून लोटपोट झाल्या.

तात्या उठले. “कळलं म्हनायचं.”

“व्हय. कोंबडाच निगाला.”

“बरं झालं,” म्हणत त्यांनी कोंबडा बगलेत घेतला आणि चालू लागले. बसा म्हणावं असं तिला फार वाटलं. पण कशासाठी बसा म्हणायचं?

पुढच्या सोमवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बनुबाईला रडू आलं, आणि ह्या वयात रडू येतं म्हणून स्वतःचा रागही आला.

तिसऱ्या सोमवारी तात्यांची सून रेश्मा आली. तिच्या पदराआड एक पिल्लू होतं.

“काकू, तात्यांनी धाडलंय. गुडघा सुजलाय, पंधरा दिस खाटंवरच हायेत. बाजारातून हे नवं पिल्लू आनाया लावलं मला. म्हनले, बनुबाईला दाखव, नर का मादी इचार.”

बनुबाईने पिल्लू हातात घेतलं. तलंग होती, न बघताही कळावं इतकी सरळ.

“न्हाई कळत अजून,” ती म्हणाली. “आठ दिसांनी त्यान्लाच घिऊन यायला सांग.”

रेश्माने कपाळावर हात मारला. “मला तर ह्या मानसाचं काईच कळंना, काकू. तीस वर्सं हॅचरीत एका दिवसाची पिल्लं निवडली त्यांनी, तासाला हजार, नर इकडं आन मादी तिकडं.”