चार-तीनचं माप

"जुन्या व्हिडिओ डिस्कमधलं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, आई. चार-तीनचं माप निवड. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील, पण ताणू नकोस. माणसं फुगतात," श्रीरंगने कॅनडाहून बजावलं होतं.

कुमुदताईंनी पुतण्याची मुंज, भाचीची मंगळागौर, सगळं नीट मापात घरच्या सर्व्हरवर चढवलं. तिकडे बसून तो एकेक बघायचा.

शेवटची डिस्क सत्यनारायणाची. त्यानंतर दोनच महिन्यांत यजमान गेले. श्रीरंगला त्यांच्या आजारपणात येता आलं नव्हतं, आणि ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. पूजेत कुमुदताई यजमानांच्या हाताला हात लावून बसल्या होत्या. यजमानांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता, गालांत खड्डे पडले होते. कुमुदताईंनी माप बदललं. चित्र पडदाभर पसरलं आणि यजमानांचे गाल भरून आले. तसंच त्यांनी चढवून टाकलं.

रविवारी फोन आला. "सत्यनारायणाला पट्ट्या कशा नाहीत गं?"

"ते नव्या कॅमेऱ्यातलं आहे." लेकाशी त्या सहसा खोटं बोलत नसत.

"तू मात्र भलतीच गुटगुटीत होतीस हं तेव्हा!"

"होते खरी."

तो हसला. "बाबा काही एवढे खराब झाले नव्हते गं. मी उगीच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं."

"तेच तर सांगत होते तुला."

त्यांनी फोन ठेवला. यजमानांना तसं वाळलेलं पाहिलेलं घरात आता दुसरं कुणीच नव्हतं.