वारा सुटेपर्यंत मुक्काम

नऊ दिवस आभाळ गच्च होतं आणि पठारावरच्या एकाही पवनचक्कीचं पातं हललं नव्हतं. गावच्या बॅटरीत चारच टक्के वीज उरली होती, आणि दवाखान्यातला लसींचा फ्रीज तिच्यावरच चालत होता. ती बॅटरी सांभाळणाऱ्या शालनताईंच्या लेकीचं आजच लग्न होतं आणि वऱ्हाड अकरा विजेच्या गाड्या घेऊन दारात उभं होतं. व्याह्यांच्या गाड्या विजेनं भरून पाठवायची आता रीतच पडली होती.

अक्षता पडल्यावर शालनताईंनी हात जोडले. "विहीणबाई, गाड्या भरणं जमायचं नाही. उलट त्यांतलीच वीज गावाला द्या."

"मग आम्ही परत कसं जायचं?"

"वारा सुटेपर्यंत राहायचं."

विहीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि पहिली वायर स्वतःच जोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाती गरगरू लागली. शालनताई सांगायला धावल्या. वऱ्हाड ओसरीवर पत्ते कुटत होतं. विहीणबाईंनी हातातल्या पानांवरची नजरही काढली नाही.

"याला काय वारा म्हणतात, ताई? पुरणाची डाळ शिजत टाका."