नवं गिऱ्हाईक

सहा वर्षं झाली तरी इमारत जोत्याच्या वर सरकेना. "आमचे पैसे परत द्या," म्हणत निवृत्त शिक्षिकाबाई बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालून दमल्या. साहेब कायम बाहेरगावी! शेवटी बाईंनी आवाज बदलून फोन केला, "मला नवीन फ्लॅट बुक करायचाय." झालं, साहेब तत्काळ गावात हजर. उद्या अकराला या म्हणाले.

ठेवणीतले कपडे आणि बहिणीचा उसना गॉगल घालून बाई ऐटीत पोहोचल्या, तर सोफ्यांवर वीसेक गिऱ्हाइकं नटूनथटून बसलेली. बाईंचा जीव कळवळला. शेजारणीच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "अहो, इथे पैसे अडकवू नका. मी सहा वर्षं पस्तावतेय."

शेजारणीने तोंडावर रुमाल दाबला. "तुमचा कितवा मजला?"

"चौथा."

"अय्या! मी बरोब्बर तुमच्या डोक्यावर, पाचवा. ते टायवाले काका दुसरा. इथे नवं कोणीच नाही हो!"

तेवढ्यात केबिनमधून साहेब हात जोडत बाहेर आले. "वा वा, एवढी गर्दी! बोला, आधी कोणाचं बुकिंग करायचं?"

 

बाईंनी उठून ऑफिसच्या दाराला आतून कडी घातली आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात फर्मावलं, "चला, मजल्याप्रमाणे रांग करा!"