भाऊंचा सभात्याग

सगळी आमदारकी विरोधी बाकावर घालवून आमचे भाऊ उतारवयात महापौर झाले. सभागृहात विरोधकच जास्त. नावेतून माहेरी जाऊन जाऊन कंटाळलेल्या वहिनींनी बजावलं होतं, "आज पूल मंजूर करूनच घरी या!"

नगरसचिवांनी पुलाचा ठराव वाचला मात्र, जुन्या सवयीनं भाऊ ताडकन उठले, टेबल बडवून गरजले, "हा जनतेवर घोर अन्याय आहे!" आणि तरातरा बाहेर पडले.

"अहो भाऊ, ठराव आपलाच होता!" दारातला शिपाई कळवळला. भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात नगरसचिव धापा टाकत आले.



"पूल एकमतानं मंजूर! विरोधक म्हणाले, भाऊंचा विरोध आहे म्हणजे काम चांगलंच असणार. आता उद्या रुग्णालयाचा ठराव आहे, तेवढा कडाडून निषेध करा!"