दारालगतची नक्षी

“बंगला राहील, मॅडम. पर ये लाईन टूटेगी,” सुशील इंजिनिअरनं नकाशावर पेन आपटलं.

रायपूरच्या जुन्या कुष्ठरुग्णालयाच्या आवारात समितीची शेवटची पाहणी चालली होती. रुग्णालय बंद होऊन वर्षं लोटली होती. डॉक्टरांचा खांबांचा बंगला वाचवायला सगळे एका पायावर तयार होते. बंगले कोणाला आवडत नाहीत? अडलं होतं ते मागच्या बुटक्या घरांच्या रांगेवर. रुग्णांनी स्वतः विटा पाडून ती बांधली होती, आणि समितीला तिथं पार्किंग हवं होतं.

त्या घरांच्या बाजूनं ईरा एकटीच भांडत होती. जुन्या इमारती जपणं हे तिचं काम. पण आज तिच्या हाती फारसं काही नव्हतं. प्रत्येक दारालगत, वळचणीखाली, गेरूचे गोल गोल ठसे होते. ती तेच दाखवत होती.

“ही इथली लोककला आहे,” ती म्हणाली. “या शेवटच्या घरावर मधेच एका मुलाचा पंजा दिसतो. कोणीतरी वात्रटपणा केलाय. तो आम्ही पुसून काढू. नक्षी तेवढी ठेवू.”

“गोल-गोल डिझाइन के लिए पार्किंग रोकें?” सुशील म्हणाला. सगळे हसले. त्यांना जेवायची घाई होती. ईराला राग आला आणि रडूही.

तिचे वडील नीलकंठराव आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, चौबे कॉलोनीत घर, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही. त्यांचे वडील या रुग्णालयात कंपाउंडर होते, असं त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यांत सांगितलं होतं. घरात पुढे तेच चालत आलं. बाबांचं बालपण इथं गेलं म्हणून ईरा त्यांना हौसेनं घेऊन आली होती. पण त्यांनी बंगल्याकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

‘पुसून काढू’ ऐकलं आणि ते उठले.

“काहून पुसता?”

“बाबा, तुम्ही बसा ना. ऊन आहे,” ईरा म्हणाली.

“मले उन्हाचं सांगू नको, पोरी.”

ते तडक शेवटच्या दाराशी गेले. पाच बोटं पसरून त्यांनी आपला हात त्या लहान पंजाशेजारी टेकवला. भिंतीवरची करंगळी बाहेर वळलेली होती. त्यांचीही तशीच होती. ईरानं नकळत आपली करंगळी मुठीत धरली. तिलाही ती तशीच मिळाली होती.

“हा माहा हात आहे,” नीलकंठराव म्हणाले. आवाज मुळीच कापला नाही. “माहा बाप इथं कंपाउंडर नव्हता. पेशंट होता. मायबी पेशंट. लोकायनं गावाबाहेर काढलं, तर त्यायनं इथं विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या. कोणापुढं हात नाही पसरला. माह्या मायचं, कलावतीबाईचं घर आहे हे. पाडाचं असंल, तर तिच्या पोराले विचारून पाडा.”

सुशीलचं पेन खिशात गेलं. जेवणाची आठवण कोणी काढली नाही.

“गृहप्रवेशाच्या दिवशी मायनं गेरू कालवला,” ते म्हणाले. “म्हणे, घर ज्यायचं, त्या साऱ्यायचे हात भिंतीवर पाह्यजेत.”

ईरानं भिंतीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना गोल ठसे, मधे तो एकच पंजा.

“मग आजी-आजोबांचे हात कुठे आहेत, बाबा?”

नीलकंठरावांनी ताठ मानेनं एका गोल ठशावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर.

“हा माह्या बापाचा. हा मायचा. बोटं नव्हती न त्यायले.”