तांबडी फुली

"ही फुली कुणी मारली?" कर्नल ट्रास्क गरजला.

"मी, साहेब," सार्जंट पोकोर्नी म्हणाला आणि तांबडी पेन्सिल त्याने कानामागे खोचली.

पोर्ट मोर्सबीच्या धावपट्टीवर सकाळचे सहा वाजले होते. डोंगरापलीकडच्या जपानी तळावर निघालेली अठरा बॉम्बफेकी विमानं रांगेत उभी होती. सतरांची इंजिनं घरघरत होती. सगळ्यांच्या पुढे राहायचं ते अठरावं मात्र गप्प होतं. विमानाच्या वहीत तांबडी फुली पडली की ते जमिनीवरून हलत नाही, आणि ती खोडायचा अधिकार कर्नललाही नसतो.

ट्रास्क साऱ्या ग्रुपचा कमांडर. वय चौतीस, पण कमांडर म्हणजे म्हातारा असा फौजेतला रिवाज, तेव्हा पाठीमागे सगळे त्याला म्हाताराच म्हणत. एकसष्ट मोहिमा त्याने स्वतः पुढे राहून नेल्या होत्या. आजची बासष्टावी आणि शेवटची. बढतीचा कागद आला होता. उद्यापासून ब्रिस्बेनला टेबल, पंखा आणि फायली. जाण्याआधी एकदा आपल्या पोरांना घेऊन जायचं, एवढं एकच त्याने मनात धरलं होतं.

"काय झालंय विमानाला? कालच म्हणालास ना, आत्या ठणठणीत आहे?"

विमानाच्या नाकावर 'हेर्मिना आत्या' असं रंगवलेलं होतं. आत्या पोकोर्नीची, नेब्रास्कातली. उडवणारा कोणीही असो, विमान असतं ते त्याची निगा राखणाऱ्या सार्जंटचं. वैमानिकाला ते चार-पाच तास उसनं मिळतं. हे तिथे कर्नलपासून आचाऱ्यापर्यंत सगळे धरूनच चालत.

"आत्या ठणठणीतच आहे, साहेब. दोष खाली लिहिलाय. वाचा."

ट्रास्कने वही डोळ्यांजवळ नेली. पोकोर्नीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : डावी सीट. तापमान फार.

"डाव्या सीटवर मी बसतो!"

"हो ना."

"मला काहीही झालेलं नाही, पोकोर्नी."

"साहेब, इथे सकाळी सहालाच बनियन पिळायची वेळ येते, आणि तुम्ही चामड्याचं जाकीट घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून उभे. वर दात वाजताहेत. मलेरिया आहे हा. इंजिन एवढं तापलं असतं तर पाठीमागे पाच पोरं बसवून नेलं असतंत ते वर?"

 उत्तर नसलं की ट्रास्क आवाज चढवी.

"ठेव तुझी आत्या तुझ्यापाशी! मी दुसरं विमान घेतो."

"घ्या की."

ट्रास्क तरातरा वळला आणि जागच्या जागी थांबला. रांगेतल्या प्रत्येक विमानाच्या पंखाखाली त्या त्या विमानाचा सार्जंट उभा होता. चेहरे असे, की जणू देवळात आलेत. आणि सतराच्या सतरा हातांत तांबडी पेन्सिल.

"हे बंड आहे," ट्रास्क म्हणाला.

"छे छे, साहेब. देखभाल विभाग."

ट्रास्कला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी त्याने हात टेकले आणि नकाशा आपल्या हाताखालच्या मेजर व्हेटस्टोनच्या हवाली केला. "नीट ने रे. माझी पोरं आहेत ती."

सतरा विमानं धुरळा उडवत गेली. म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून पोकोर्नीलाही क्षणभर चुकल्यासारखं वाटलं. पण फुली त्याने खोडली नाही.

डॉक्टरने ताप पाहिला : एकशे तीन. त्याने खाट दाखवली. ट्रास्क म्हणाला, पोरं उतरल्यावर. मग दोन घोंगड्या गुंडाळून तो आत्याच्या पंखाच्या सावलीत खोक्यावर बसून राहिला. एकसष्ट मोहिमा झाल्या, पण आपला ग्रुप उतरताना त्याने खालून एकदाही पाहिला नव्हता. पाहणार कसा? तो नेहमी वरच असे.

"आम्ही गेल्यावर तुम्ही लोक करता तरी काय?"

"पत्ते खेळतो," पोकोर्नी म्हणाला.

ट्रास्क खेळ पाहत बसला. अर्ध्या तासात एकानेही पान टाकलं नाही.

अकराच्या सुमाराला डोंगरापलीकडून घरघर आली. पत्ते मातीत पडले. सगळे माना वर करून मोठ्याने मोजू लागले. चौदा, पंधरा, सोळा. मग आभाळ मोकळं.

विमानं उतरली, पण त्यांचे सार्जंट तिकडे फिरकले नाहीत. ते सार्जंट फिंचजवळ येऊन उभे राहिले. फिंचचं विमान आलं नव्हतं. ट्रास्कही उठून फिंचच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आपले दात वाजताहेत की थांबलेत, याचं त्याला भानच नव्हतं.

आठ मिनिटांनी नारळांच्या शेंड्यांवरून, एक इंजिन बंद पडलेलं, सतरावं विमान खुरडत आलं. दोनदा उसळलं, तिरकं धावलं, थांबलं.

"माझ्या विमानाची काय दशा केलीस, गाढवा!" फिंच ओरडत धावला. धावता धावता तो रडतही होता.

कर्नल ट्रास्कची टोपी कधीच हवेत गेली होती, घोंगड्या मागे राहिल्या होत्या, आणि शाळा सुटल्यासारखा तो किंचाळत होता. मग तो धावपट्टीच्या कडेला फतकल मारून बसला. पोकोर्नीने येऊन घोंगडी त्याच्या अंगावर टाकली.

"पोकोर्नी," धाप लागलेला ट्रास्क म्हणाला, "हे रोज असंच असतं?"

"नाही, साहेब. याहून वाईट. रोज वर तुम्ही असता."